पाठिंबा द्यायचा तर वेळेवर द्या!

२०२४ च्या दिवाळीत मी परंड्याला घरी होतो. सबमिशनच्या फायली बॅगेत तशाच होत्या (आणि तशाच परत आल्या, असो). त्या वर्षी दिवाळी आणि विधानसभा एकदमच आली होती. धनत्रयोदशीला, म्हणजे २९ ऑक्टोबरला, अर्ज भरायची शेवटची तारीख आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, अर्ज मागं घ्यायची. मधल्या दिवसांत आमच्या गल्लीत फटाक्यांपेक्षा एक प्रश्नच जास्त वाजत होता : काम कुणाचं करायचं?

झालं होतं असं की महाविकास आघाडीत परंड्याची जागा नेमकी कुणाची, याचाच घोळ होता. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनं पहिल्याच यादीत माजी आमदार ज्ञानेश्वर पाटील यांच्या मुलाला उमेदवारी दिली. मागून शरद पवारांच्या राष्ट्रवादीनं राहुल मोटे यांना दिली. पाटील १९९५ आणि १९९९ चे आमदार, मोटे त्यानंतर लागोपाठ तीन वेळचे. दोघांचीही माणसं परंडा, भूम, वाशी तिन्ही तालुक्यांत पेरलेली. आणि समोर कोण, तर शिंदेंच्या शिवसेनेचे तानाजी सावंत. तेव्हाचे आरोग्यमंत्री आणि २०१९ ला मोट्यांना बत्तीस हजारांवर मतांनी पाडलेले.

शेजारचे अण्णा जुने कार्यकर्ते. चिवड्याची ताटली पुढ्यात, पण हात मोबाईलवर. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कुणाकडून?" तर म्हणाले, "आरं लेका, ते वरच्यांनी ठरवायचं. निरोप येऊ दे, मग सांगतो." निरोप ४ तारखेला आला. ठाकरे गटाच्या उमेदवारानं माघार घेतली आणि आघाडीचे उमेदवार मोटे झाले. मतदानाला उरले होते सोळा दिवस. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. सावंत निवडून आले, किती मतांनी? १,५०९! दोघांनाही लाख-लाखावर मतं पडली होती. आपल्या सगळ्या हॉस्टेलांची पोरं एका मैदानात उभी केली तर जवळपास तेवढी भरतील.

आता मी असं म्हणत नाही की घोळ झाला नसता तर निकाल उलटा लागला असता. असं छातीठोक सांगणारे चहाच्या टपरीवर शंभर भेटतात, त्यात माझी भर नको. आणि कोण निवडून यायला हवं होतं हा तर या लेखाचा विषयच नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. घरातल्या घरात दोन उमेदवार असताना मोठ्या नेत्यांनी आपला कौल कधी सांगायचा? आधी? नंतर? की कधीच नाही?

हा प्रश्न फक्त मुंबई-दिल्लीचा वाटत असेल तर आपली मेस कमिटी आठवा. जीएसची निवडणूक काय असते हे आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून महाराष्ट्रात कॉलेजातलं मतदान गेलं आणि मेरिटवर नेमणूक आली. २०१६ च्या कायद्यात निवडणूक पुन्हा लिहिली गेली, पण मतपेटी काही आमच्यापर्यंत पोचली नाही. राहिली एक मेस कमिटी. मी फर्स्ट इयरला होतो तेव्हा आदल्या रात्री एक सीनियर खोलीखोलीत फिरला. "मी न्यूट्रल आहे रे, पण डोकं वापरा. अमुक पोरगा बरा आहे." दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मोजायला तोच! अमुक पोरगा आला. कदाचित खऱ्या मतांनीच आला असेल. पण हरलेल्यांनी वर्षभर मेसच्या मीटिंगला तोंड दाखवलं नाही आणि आमटीचं पाणी काही कमी झालं नाही.

माझ्या मते सगळं इथंच आहे. त्या सीनियरनं मत सांगितलं यात काही चूक नव्हती. चूक ही की शिट्टीही त्याच्याच तोंडात होती आणि वर तो न्यूट्रल होता.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारच मतदान करतात, त्याला प्रायमरी म्हणतात. तिथं नेत्यांनी पाठिंबा जाहीर करणं ही रीतच आहे. २०२० मध्ये बायडन सुरुवातीच्या राज्यांत मागं पडले होते. साउथ कॅरोलिनाच्या मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी उघड सांगितलं, माझा माणूस बायडन. बायडन तिथं मोठ्या फरकानं जिंकले आणि वारं फिरलं. उलट ओबामा त्या वेळी गप्प राहिले. त्यांचे उपाध्यक्ष राहिलेले बायडन स्वतः उभे, तरी त्यांनी तोंड उघडलं ते सँडर्सनी माघार घेतल्यावर, एप्रिलमध्ये. दोघांपैकी बरोबर कोण? मला वाटतं दोघंही. क्लायबर्न आपल्या राज्यातल्या माणसांना, ज्यांच्यात ते आयुष्यभर वावरले, आपलं मत सांगत होते. ओबामा सगळ्या पक्षाचे वडीलधारे. नंतर भांडणं मिटवायला तेच लागणार होते.

आपल्याकडं हा प्रयोग झालाच नाही असं नाही. आणि झाला तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच! २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशभरात पंधराएक मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानानं उमेदवार निवडले. महाराष्ट्रात त्यात लातूर आणि वर्धा होते. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यात सागर मेघे. सागर मेघे म्हणजे तेव्हाचे वर्ध्याचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. आता सांगा, वडील विद्यमान खासदार असताना त्यांनी वेगळा पाठिंबा जाहीर करायची गरज काय? मतदान करणारे पक्षाचे पदाधिकारी, त्यांतल्या कितीजणांची पदं खासदारसाहेबांच्या शब्दावर असतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. नेता गप्प बसला तरी कौल बोलतोच. दोन्ही जागा काँग्रेसनं दोन-दोन लाखांच्या वर मतांनी घालवल्या. मोदी लाट होती हे खरं, कुणीही उभा असता तरी कदाचित पडलाच असता.

बडोद्याची गंमत तर याहून पुढची. तिथं नरेंद्र रावत रीतसर मतदानात निवडून आले. मग समोर खुद्द नरेंद्र मोदी उभे राहणार हे जाहीर झालं आणि रावतांच्या जागी मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं गेलं. म्हणजे मतदान घ्यायचं आणि निकाल लागल्यावर वरून नाव बदलायचं. कार्यकर्त्यानं यातून काय शिकायचं? हेच की चिठ्ठी टाकून उपयोग नाही, निरोपाची वाट बघावी. आमचे अण्णा उगीच मोबाईल धरून बसले नव्हते.

पुढं तेच मिस्त्री २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निवडणूक प्रमुख झाले आणि त्यांच्या प्राधिकरणानं एक चांगला नियम काढला. खर्गे विरुद्ध थरूर लढतीत सरचिटणीस, प्रदेशाध्यक्ष वगैरेंनी कुणाचाही प्रचार करायचा नाही. करायचा तर आधी पद सोडायचं. नियम कागदावर एकदम फर्स्ट क्लास. पण थरूरांची तक्रार होती की काही प्रदेशाध्यक्ष खर्ग्यांच्या स्वागताला हजर असतात आणि मी गेलो की गायब. निकाल ७,८९७ विरुद्ध १,०७२. तरीही मी म्हणेन की नियम योग्य दिशेचाच होता. निदान ज्याच्या हातात शिट्टी आहे त्यानं खेळायचं नाही हे कुणीतरी लिहून तरी ठेवलं.

आपल्या कायद्यात यावर काहीच नाही. पक्षाची नोंदणी कशी करायची ते लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, पण पक्षानं उमेदवार कसा निवडावा यावर तो गप्प आहे. त्यामुळं निवड होते बंगल्यावर, आणि पाठिंबा म्हणजे कुणाच्या गाडीत कोण बसलं होतं याचा अंदाज. अमक्या साहेबांनी तमक्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, झाला पाठिंबा! उद्या हात काढला तर साहेब म्हणायला मोकळे, की मी कधी म्हणालो?

यावर माझे रूममेट म्हणतात (दोघंही मेकॅनिकलचे, त्यामुळं वाद घालायला वेळ भरपूर), की नेत्यानं आधी नाव घेतलं आणि तो माणूस हरला तर नेत्याची किंमत जाते, शिवाय गट पडतात. मला हे निम्मंच पटतं. गट आधीच पडलेले असतात, ते न बोलल्यानं मिटत नाहीत, फक्त रात्री भेटतात. राहिली किंमत. आमदार-खासदार म्हणून ज्यानं दोन्ही इच्छुकांबरोबर काम केलंय, त्याला दोघांबद्दल जे ठाऊक आहे ते साध्या सभासदाला कुठून कळणार? त्यानं ते कारणासकट, निवड व्हायच्या आधी, उघड सांगावं. हरला तर हरला. पण ज्याच्या सहीनं एबी फॉर्म निघतो, त्यानं निवड होईपर्यंत एक शब्द बोलू नये. बडबड करायची हौस असेल तर सहीचा अधिकार दुसऱ्याला द्यावा. आणि एकदा नाव ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गटांचे नेते एका जीपमध्ये दिसले पाहिजेत. सोळा दिवस उरल्यावर नव्हे.

सुट्टी संपवून मी बार्शीची एसटी धरली तेव्हा अण्णा स्टँडवरच भेटले. नव्या उमेदवाराची पत्रकं अजून गावात आली नव्हती, ती आणायला निघाले होते. मी विचारलं, "अण्णा, दोघांपैकी तुम्हाला स्वतःला कोण पाहिजे होतं?"

थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तीस वर्षांत हे मला कुणी इचारलंच नाही."

तेवढ्यात एसटी लागली.