करून बघू या : चाक फिरतं, मग गाडी का पळत नाही?



रिमोटची गाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी चालवली असेल. बटण दाबलं की मोटर घूंऽऽ करते, मागची चाकं गरगर फिरतात आणि गाडी मात्र जागच्या जागी वळवळते. वळणावर तर ती गर्रकन फिरते आणि तोंड मागे करून उभी राहते. मग आमच्या वर्गातले ड्रायव्हर म्हणतात, "बाई, मोटरच कमजोर आहे. नवीन टाकायला पाहिजे!"

अरे, पण चाकं फिरतायत ना? म्हणजे मोटर आपलं काम चोख करतेय. कमी पडतेय ती पकड. टायर जमिनीला मागे ढकलतो, तेव्हाच गाडी पुढे जाते. त्या दोघांमधल्या घर्षणावरच सगळा खेळ चालतो. पकड नसेल तर मोटर कितीही दांडगी असो, चाक नुसतंच घसरत फिरणार.

आता ही पकड जाते कुठे? आमच्या दापोड्यात (ता. भिवंडी) गोदामंच गोदामं. दिवसरात्र ट्रक आणि कंटेनर यांची ये-जा. रस्त्यावरची बारीक धूळ उडून पार शाळेच्या व्हरांड्यात येते. सकाळी झाडून घेतलं तरी दुपारी फरशीवर बोटाने नाव लिहावं! अशा फरशीवर टायर जमिनीला टेकतच नाही, तो धुळीच्या कणांवर टेकतो. कण निसटतात आणि गाडीही निसटते. म्हणून शर्यतीआधीची पहिली दुरुस्ती अगदी फुकटची आहे. फरशी झाडा, ओल्या फडक्याने टायर पुसा आणि ते पूर्ण वाळू द्या.

खरं वाटत नाही? मग करूनच बघा. एक सपाट फळी घ्या. गाडीची चारही चाकं चिकटपट्टीने बांधा, म्हणजे ती फिरणार नाहीत. पट्टी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर येऊ देऊ नका. गाडी फळीवर ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. गाडी घसरायला लागली की थांबा आणि त्या टोकाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. प्रत्येक प्रयोग तीनदा करा आणि वहीत मांडा :

१) टायर धुळीने माखलेले असताना.
२) टायर पुसून वाळवल्यावर.
३) फळीवर काचपेपर लावून.
४) गाडीवर नाण्यांची पुडी बांधून.

जितकी उंची जास्त, तितकी पकड चांगली. वरच्या वर्गातल्या मुलांनी आणखी एक गणित करावं. फळीचं वर उचललेलं टोक ३० सेंटिमीटर उंच असेल आणि त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंत जमिनीवरचं अंतर ५० सेंटिमीटर असेल, तर ३० भागिले ५० म्हणजे ०.६. हा झाला घर्षणांक.

चौथ्या प्रयोगात गंमत आहे. वजन वाढवलं तरी गाडी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर घसरते! वजनामुळे पकड वाढते खरी, पण गाडीला खाली ओढणारं बळही तेवढंच वाढतं. म्हणून शर्यतीच्या गाडीवर वजन लादण्यात शहाणपणा नाही. आहे तेच वजन योग्य जागी आणावं. मोटर मागची चाकं फिरवत असेल, तर सेल थोडे मागच्या बाजूला असलेले बरे.

आता टायरकडे वळू. स्वस्त गाड्यांची चाकं कडक प्लॅस्टिकची असतात. रबर मऊ असतं. ते जमिनीच्या बारीक खळग्यांत शिरून बसतं आणि म्हणून घट्ट धरतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याची कडी ताणून चाकावर चढवा. दोन्ही बाजूंना सारख्याच रुंदीची कडी हवी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. कापताना मोठं माणूस शेजारी असू द्या.

पवईच्या आयआयटीत १९९८ पासून 'टेकफेस्ट' भरतो. तिथे रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीही झालेल्या आहेत. असल्या शर्यतीचे गडी मैदान पाहून टायर निवडतात. मातीवर काटेरी दाण्यांचे टायर, कारण दाणे मातीत रुततात. स्वच्छ, कोरड्या, सपाट जमिनीवर बिननक्षीचे मऊ टायर, कारण जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकतं. या टायरमध्ये बहुतेक वेळा हवा न भरता स्पंज घातलेला असतो.

पण पकड जास्त झाली तरी पंचाईत! पुढच्या चाकांनी वळणावर फारच घट्ट धरलं, तर गाडी कोलांटी उडी मारते. आणि बटण एकदम पूर्ण दाबलं तर चांगला टायरसुद्धा घसरतो. गाडीच्या रिमोटवर वेग कमीजास्त करता येत असेल, तर वेग हळूहळू वाढवा. वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको.

एक ताकीद. गोदामांच्या आवारातलं काँक्रीट कितीही छान दिसलं, तरी तिथे गाडी चालवायची नाही. मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला खाली वाकलेलं मूल दिसत नाही. शाळेचं पटांगण आपलं बरं.

आता मुलांबरोबर पालकांसाठीही थोडं. बिननक्षीचा टायर कोरड्या ट्रॅकवर राजा असतो, पण पावसात तोच वैरी होतो. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी येतं. टायरच्या खाचा ते पाणी बाहेर काढून देतात. खाचा झिजल्या की पाणी अडकतं, आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढे जाते. दुचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल असाव्यात, असा मोटार वाहन नियम आहे. मोजायला यंत्र नको. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं शोधा. त्या जागी खाचेच्या आत एक छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला, की तो बदलायचा. 'एवढा पावसाळा काढू' असं म्हणायचं नाही. पावसाळ्यातच तर त्याची खरी गरज!

तेव्हा मुलांनो, या रविवारी दोन कामं. फळीचा प्रयोग करून आकडे वहीत लिहा. आणि घरची दुचाकी बंद असताना, इंजिन थंड असताना, बाबांना किंवा आईला सोबत घेऊन तो उंचवटा शोधून काढा. टायर गुळगुळीत सापडला तर हट्ट धरा. खेळण्यासाठी तुम्ही धरता ना, अगदी तसाच!