निवेदनांची खातरजमा

नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी 18 फेब्रुवारी 2018 रोजी झाली तेव्हा 2019 अखेरीस उड्डाणे सुरू होतील असे सांगण्यात आले होते. ती सुरू झाली 25 डिसेंबर 2025 रोजी. विलंबाची कारणमीमांसा निराळी. परंतु तारखेहूनही आकडा अधिक फसवा असतो. वर्षाला 9 कोटी प्रवाशांची क्षमता ही सर्व टप्पे पूर्ण झाल्यानंतरची, पहिल्या टप्प्याची 2 कोटींची. पण वरिष्ठांच्या भाषणाचा मसुदा सिद्ध करणारा कर्मचारी मूळ अहवाल न उघडता मागील भाषणावरूनच मजकूर उतरवू लागला, की ‘अंतिमतः’ हा शब्द वाटेत गळतो आणि भविष्यातील क्षमता वर्तमानाच्या खाती जमा होते. (टाळ्या अर्थातच 9 कोटींना अधिक पडतात!) बाजारातील अफवांचा 24 तासांत खुलासा करण्याचे बंधन सेबीने 2024 पासून मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांवर घातले आहे, स्वतःच्या प्रमुखाच्या वाक्याची खातरजमा मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सिडको असो वा महापे-ऐरोलीतील कंपन्या, साहेबांच्या सहीने निघणाऱ्या निवेदनाच्या स्थळप्रतीवर, कोणता आकडा कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावरून घेतला याचा शेरा समासात असावा, आणि शेऱ्यावाचूनचा मसुदा जावक बारनिशीत चढूच नये.