ऑपरेशन झालं, पण पुढे कोण बघणार?

"डॉक्टर, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता काही प्रॉब्लेम नाही." असं सांगणारे तरुण पेशंट नेहमी भेटतात. हा गैरसमज आम्हा डॉक्टरांनीच करून दिला आहे.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे 'ब्लू बेबी'चं उदाहरण घ्या. ऑपरेशन उत्तम झालं तरी अनेकांत फुफ्फुसाकडची झडप गळत राहते. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, पण उजवा कप्पा मोठा होतो आणि ठोके बिघडू शकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे असे दोष शोधतो. उत्तमच! पण एकोणिसाव्या वर्षी त्या मुलानं जायचं कुठे? लहान मुलांचे तज्ज्ञ म्हणणार, तू मोठा झालास. मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा बराच वेळ ब्लॉकेज आणि अँजिओप्लास्टीत जातो.

अमेरिकेत कार्डिओलॉजीनंतर यासाठी दोन वर्षांची वेगळी फेलोशिप असते; २०१५ पासून स्वतंत्र परीक्षाही आहे. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही असे डॉक्टर घडवायलाच हवेत. मूल वाचवायचं आणि मोठं झाल्यावर वाऱ्यावर सोडायचं, हे अर्धवट उपचार झाले.

तोवर तुम्ही ऑपरेशनची फाईल जपा, त्रास नसला तरी नियमित तपासणी करा. आणि मुलींनो, गरोदरपणाआधी हृदयरोगतज्ज्ञांना जरूर भेटा.