मांजरासारखे रडणारे बाळ



बियाण्याची पारख आपण दरसाल करतो. आज माणसाच्या बीजाविषयी थोडे सांगायचे आहे.

ज्वारीच्या प्रत्येक पेशीत २० गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. रोप कसे वाढावे, बाळ कसे घडावे, हे त्यांवरच ठरते. क्वचित एखाद्या गुणसूत्राचा तुकडा गळतो. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळाला, तर होणाऱ्या विकाराला 'क्री द्यु शा' म्हणतात. फ्रेंच भाषेत याचा अर्थ मांजराचे रडणे. फ्रान्सच्या डॉ. झेरोम लेजेन यांनी १९६३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. साधारण १५ ते ५० हजार जन्मांत असे एखादे बाळ असते.

अशा बाळाच्या स्वरयंत्राची ठेवण निराळी असते, म्हणून रडणे बारीक, मांजराच्या पिलासारखे येते. वजन कमी, डोके लहान, अंग सैल, दूध ओढायला कष्ट, ही बाकीची लक्षणे. पुढे रडणे बदलते, पण चालणे-बोलणे उशिरा येते.

आता मुद्द्याचे. गरोदरपणी मांजर आडवे गेले, सुनेने ग्रहण पाळले नाही, असे बोल कोणी लावू नयेत. बहुतेक वेळा हा तुकडा बीज तयार होतानाच गळतो. त्यात कोणाचाही दोष नसतो. शंभरातल्या दहा-पंधरा घरांत आई किंवा बाप यांच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली असते. तो माणूस स्वतः ठणठणीत असतो. म्हणून पुढच्या बाळाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे, एकट्या सुनेने नव्हे.

गळालेला तुकडा परत जोडणारे औषध नाही. अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांवर पैसा घालवू नका. उपाय आहे तो लवकर सुरू केलेल्या शिकवणीचा. वाफसा असतानाच पेरणी साधते, तसेच हे आहे. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून बाळाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येते. तेथे हृदयाचीही तपासणी करून घ्या. अंगाचे व्यायाम, घास गिळण्याची सवय, हाताच्या खुणांनी बोलणे, हे शिकून घरी रोज करावे लागते. ही मुले बोलतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक समजतात, हे ध्यानात ठेवा आणि त्यांच्यादेखत वाईट बोलू नका.

पहिल्या तपासणीला जाताना सासूबाईंनीही सोबत जावे. डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्याही कानावर पडलेले बरे.