क्रूझ बुक करताय? आधी ताट, टिप आणि ड्रेसकोड तपासा!

मुंबईच्या इंदिरा गोदीतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. गोवा-लक्षद्वीपपासून सिंगापूर आणि भूमध्य समुद्रापर्यंतच्या पॅकेजेसच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. त्यात वॉटर स्लाइड असते, बाल्कनी असते, कॅसिनो असतो. पण जमिनीवरच्या हॉटेलातले जेवण आवडले नाही तर समोरच्या खानावळीत जाता येते. समुद्रात ती सोय नाही. त्यामुळे क्रूझ कंपनी निवडताना जहाजाच्या लांबी-रुंदीआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

जेवण : 'व्हेज' म्हणजे नेमके काय?

बहुतेक मोठ्या जहाजांवर मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे तिकिटात धरलेले असतात. स्टेकहाउस, सुशी यांसारख्या स्पेशालिटी रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. मद्याचे पॅकेज घ्यायचे तर एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावे, अशी अट अनेक कंपन्या घालतात.

मराठी कुटुंबाची खरी अडचण वेगळी आहे. युरोपीय स्वयंपाकघरात शाकाहारी पदार्थात अंडे चालते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे लागते. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'वर भारतीय आणि जैन जेवण मिळते. सिंगापूरहून जाणाऱ्या 'जेंटिंग ड्रीम'वरही भारतीय शाकाहारी आणि जैन पदार्थांची सोय आहे. 'एम्प्रेस' हे १९९० चे, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात असलेले जहाज. नव्या जहाजांसारखा झगमगाट तिथे शोधू नये. पण सत्तरीतल्या आजीला रात्री वरण-भातासारखे काही मिळणे महत्त्वाचे असेल, तर झगमगाटाला मागच्या बाकावर बसवलेले बरे.

सेवा : साधा भागाकार करा

प्रवासी भागिले कर्मचारी, हे गणित बरेच काही सांगते. 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका केबिनमध्ये दोघे धरले, तर ५,६१० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे जवळपास २.४ प्रवासी. सिल्व्हरसीच्या 'सिल्व्हर म्यूज'वर ५९६ प्रवाशांसाठी ४११ कर्मचारी, म्हणजे प्रमाण १.४५. यात इंजिन रूमपासून गायक-वादकांपर्यंत सगळे आले, तरी ढोबळ अंदाज मिळतोच. दोन्हींच्या भाड्यातल्या फरकाचे हेही एक कारण आहे.

दुसरा आकडा टिपचा. सिल्व्हरसीसारख्या महागड्या कंपन्या टिप भाड्यातच धरतात. बाकी अनेक कंपन्या ती रोज माणशी खात्यावर लावतात. दिवसाला १६ डॉलर धरले, तर चौघांच्या कुटुंबाचे सात दिवसांचे ४४८ डॉलर होतात, म्हणजे ४० हजार रुपयांच्या घरात. जाहिरातीतल्या भाड्यात ही रक्कम बहुधा नसते. ती नसणे ही प्रवाशाची दिशाभूलच आहे. भाडे सांगतानाच ती सांगितली पाहिजे.

यावर काही जण 'रिसेप्शनवर जाऊन टिप काढून टाका' असा शहाणपणाचा सल्ला देतात. काही जहाजांवर ते शक्यही असते. पण त्याचा फटका कंपनीच्या मालकाला बसत नाही, तर खोली झाडणाऱ्याला आणि ताट उचलणाऱ्याला बसतो. गोवा-कोकणातले कितीतरी तरुण याच कामावर महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. राग कंपनीच्या किमतीवर असेल, तर कंपनी बदलावी. वेटरचे पैसे कापू नयेत.

ड्रेसकोड : सूट हवा की चप्पल चालेल?

इथे कंपन्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली. जेवणाची ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सक्तीचा सूट, तिन्ही गेले. ओशनिया जेवणासाठी नावाजलेली, पण तिथेही फॉर्मल नाइट नाही. दुसऱ्या टोकाला क्युनार्ड. 'क्वीन मेरी २'वर गाला इव्हिनिंगला टक्सिडो किंवा गडद सूट अपेक्षित असतो. कोणत्या रेस्टॉरंटमध्ये बसायचे, हेही केबिनच्या दर्जावरून ठरते.

मात्र घाबरून सूट शिवायला टाकू नका. क्युनार्डला औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो. म्हणजे पैठणी आणि बंदगळा घालून ताठ मानेने जाता येते. ज्यांना नटायचेच नाही, त्यांच्यासाठी बुफेसारख्या ठरावीक जागा मोकळ्या असतात. पण रोज संध्याकाळी तिकडेच जायचे असेल, तर क्युनार्डचे भाडे भरण्यात अर्थ नाही.

मग निवड कशी करावी?

एजंटला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे ईमेलवर घ्या. आमच्या पद्धतीचे जेवण रोज मिळेल का? टिप धरून एकूण रक्कम किती? रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली की मोकळी? फॉर्मल नाइट किती?

पहिलीच क्रूझ असेल आणि सोबत ज्येष्ठ किंवा लहान मुले असतील, तर मुंबई किंवा सिंगापूरहून दोन-तीन रात्रींचा प्रवास पुरे. कमी पैशांत आवड कळते आणि समुद्र लागतो का, तेही कळते. थाटमाट ज्यांना मनापासून आवडतो, त्यांनी क्युनार्डसाठी जरूर पैसे साठवावेत. फक्त शेजारी जाऊन आले म्हणून सात संध्याकाळी अवघडून बसण्यासाठी लाखो रुपये मोजू नयेत.