आडनाव हुबळीकर

गडमुडशिंगीतल्या आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ येतोच. व्हिडिओ वेगळा असला तरी गोष्ट तीच असते. कुठल्यातरी दुकानात कुणीतरी मोबाईल धरून उभा आहे, समोर घाबरलेला माणूस आहे आणि प्रश्न एकच : मराठी येत नाही का? तो माणूस अडखळत काहीतरी बोलतो, क्रियापद चुकतं आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. त्या रांगेत बरीच वर्षं माझाही एक इमोजी असायचा.

याच ग्रुपवर कोल्हापूर म्हणजे कलापूर, मराठी सिनेमाचं माहेरघर, असे मेसेजही फिरतात. अभिमान रास्तच आहे. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरातच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. पण या अभिमानातून आपण एक नाव सोयीनं गाळतो, किंवा घेतलं तरी त्याचा अर्थ लावत नाही. ते नाव म्हणजे शांता हुबळीकर.

हुबळीजवळच्या अदरगुंची गावात 1914 साली जन्मलेल्या या मुलीचं मूळ नाव राजम्मा. तिची आई-भाषा कन्नड. आईवडील लहानपणीच गेले. नाटक आणि गाण्याच्या वाटेनं ती सिनेमात आली. 1939 साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘माणूस’ काढला. त्यात शाहू मोडक झाले पोलीस शिपाई गणपत आणि हुबळीकरबाई झाल्या मैना, म्हणजे कोठीवरची बाई. आज एकाच सिनेमावर पाच भाषांचे आवाज चढवतात, तशी तेव्हा सोय नव्हती. हिंदी ‘आदमी’ वेगळा चित्रित झाला आणि त्यातही त्याच होत्या. पुढं 1942 मध्ये गुब्बी वीरण्णांच्या ‘जीवन नाटक’ या कन्नड सिनेमात त्या दिसल्या. म्हणजे तीन भाषांत त्या पडद्यावर उभ्या राहिल्या. ‘माणूस’मधलं त्यांचं ‘कशाला उद्याची बात’ हे गाजलेलं गाणं मराठीत सुरू होतं आणि पुढं देशातल्या एकेका भाषेत शिरतं. मैनेकडं येणारं गिऱ्हाईक कुठल्याही मुलखाचं असू शकतं, म्हणून. मराठी सिनेमाचं एक अजरामर गाणं बहुभाषिक आहे आणि ते गाणारी बाई कन्नड आहे, ही गोष्ट त्या व्हिडिओखाली कुणी का लिहीत नाही?

त्यांच्या आडनावाकडंही बघा. गाव कन्नड मुलखातलं, पण त्याला जोडलेला ‘कर’ आपला. आपल्या भाषेत ही ताकद आहे. कुठल्याही गावाला दोन अक्षरं लावायची आणि माणूस घरचा करून टाकायचा. ती ताकद आपण अडखळणाऱ्या माणसाचं शूटिंग करण्यात घालवतोय.

उलटा प्रवासही झालाय. प्रभातच्याच शांता आपटे 1941 च्या तमिळ ‘सावित्री’त सावित्री झाल्या आणि त्याच सिनेमात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. आपटेबाई तमिळ शिकल्या आणि संवाद स्वतः बोलल्या. मद्रासच्या प्रेक्षकानं तेव्हा मोबाईल काढून त्यांना उच्चार विचारले असते तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आता माझ्यावर येणारे दोन आक्षेप.

पहिला : मग इथं येणाऱ्यानं मराठी शिकायचंच नाही का? शिकायचं, नक्की शिकायचं. बँकेत, सरकारी ऑफिसात, दवाखान्यात मराठीत उत्तर मिळणं हा माझ्या आजीचा हक्क आहे आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण ते भांडण व्यवस्थेशी आहे. पगारावर आलेल्या एकट्या पोराशी नाही.

दुसरा : बेळगावात मराठी माणसाचं काय होतं ते बघितलंस का? बघितलंय. कर्नाटकची हद्द आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. वाद पेटला की कोगनोळीपाशी एसटी अडते आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेल्या आयाबाया स्टँडवर बसून राहतात. तिथल्या मराठी पोराला भाषेवरून हिणवलं की आपलं रक्त तापतं, आणि तापायलाच पाहिजे. मग तेच हिणवणं इथं आपण करतो, तेव्हा ते शौर्य कसं होतं?

आणि हसणारा कन्नड माणसापाशी थांबत नाही, हे मी स्वतः भोगलंय. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून “काय करालैस?” निघालं आणि टीम खो खो हसली. महिनाभर मी बोलण्याआधी मनात वाक्य तपासत होतो. हळूहळू माझं कोल्हापुरी घासून गुळगुळीत केलं. सुलोचनाबाई लाटकर खडकलाटच्या. ते गाव आज कर्नाटकात आहे. मराठी सिनेमाची आई म्हणून आपण ज्यांना मानतो, त्यांच्याही सुरुवातीच्या खेडवळ बोलीला लोक हसले होते.

पुढं टीममध्ये हुबळीचा एक मुलगा आला. तो मुद्दाम मराठीत बोलायचा. “मी जेवण केली,” म्हणायचा. त्याच्या वाक्यांची स्टिकरं बनली. पहिलं स्टिकर मी बनवलं होतं. नुकताच ज्याच्यावर हसून झालं होतं, त्याला हसायला कुणीतरी मिळालं होतं. दोन-तीन महिन्यांत त्या मुलानं मराठी बोलणं सोडलं आणि तो इंग्रजीवर गेला. मराठीचा एक माणूस कमी झाला, आणि तो कुठल्या कर्नाटक सरकारनं कमी केला नाही. मी केला.

शांता हुबळीकरांचं आत्मचरित्र आलं तेही मराठीत, त्याच गाण्याचं नाव घेऊन. पण उतारवयात या बाई वृद्धाश्रमात राहत होत्या. ज्या महाराष्ट्राला त्यांचं गाणं पाठ होतं, त्याला ती गाणारी बाई कुठं आहे हे बराच काळ ठाऊक नव्हतं. 1992 साली त्या गेल्या. आपल्याला त्यांचं मराठी हवं होतं, माणूस नको होता.

भाषा वाढते ती चुकत चुकत बोलणाऱ्यांमुळं. ज्यांना आधीच येते, ते फार तर ती राखतात. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तसला व्हिडिओ आला की इमोजी टाकू नका आणि गप्पही बसू नका. टाकणाऱ्याला एवढंच विचारा : भावा, तुला कन्नड किती येतं? मी विचारलं परवा. ग्रुपवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.