आळसाची उधारी

आळस हा दुर्गुण आहे, याविषयी आपल्याकडे कोणाचेच दुमत नाही. शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापासून कीर्तनापर्यंत त्याची यथेच्छ निंदा झालेली आहे. तथापि एवढ्या निंदेनंतरही तो घरोघरी सुखाने नांदतो, याचा अर्थ उपदेशाची मात्रा त्याला लागू पडत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो नीतीपेक्षा हिशेबाचा प्रश्न अधिक वाटतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९९१ साली एका निबंधात स्वतःचीच फजिती सांगितली आहे. ते वर्षभर भारतात राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांच्याकडे येऊन गेले आणि कपड्यांची एक पेटी मागे राहिली. ती अमेरिकेस पाठवण्यात एक दिवस मोडणार, म्हणून ॲकरलॉफ रोज सकाळी ठरवीत की, हे काम उद्या करू. असे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले! पुढे २००१ साली या दोघांना मायकेल स्पेन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आळस हे बुद्धिमांद्याचे लक्षण खचितच नव्हे. आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो म्हणून मोठा भासतो आणि एका दिवसाच्या दिरंगाईचे नुकसान क्षुल्लक असल्याने खात्यात मांडलेच जात नाही. ते दिसते बेरीज केल्यावर.

अशी एक बेरीज 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केली. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, एवढी माफक अपेक्षाही २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरी करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ते पुरुषांत ४२, तर स्त्रियांत ५७ टक्के आढळले.

यावरून स्त्रिया अधिक आळशी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्याय होईल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटे. ज्यांचे जवळजवळ पाच तास घरकामात जातात, त्यांनी फिरायला केव्हा जावे?

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. मी वर्तमानपत्र वाचीत बसलो की पाण्याचा पेला खुर्चीपर्यंत येत असे. तो स्वतः चालत येत नव्हता, हे ध्यानात यायला पंचवीस वर्षे लागली. आळशी माणूस काम टाळतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पुष्कळदा तो ते दुसऱ्याच्या नावे मांडतो.

म्हणूनच उपाय व्यायामाच्या भव्य संकल्पात शोधू नये. तो संकल्प बहुधा त्या पेटीच्याच वाटेने जातो. काम लहान असावे, त्याची वेळ ठरलेली असावी आणि ते चुकल्यास कोणाला तरी कळावे. भाजी पायी जाऊन आणावी, आपले ताट आपण घासावे, पाणी आपण भरावे. यात आपले शरीर हलते आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी अर्धा तास मोकळा मिळतो. आरंभ मात्र उद्यावर टाकू नये. आज रात्री जेवण झाले की ताट उचलण्यास कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.